मंद्रूप रोडवरची छोटी गाडी : दगा देत नाही, पण रोज काहीतरी काढते

छोटी सीएनजी गाडी घेऊ का, असं शाळेत कुणीतरी विचारतंच. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते. २०२१ च्या दिवाळीत घेतलेली गाडी. एक लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, हातानं टाकायचे पाच गिअर, गॅस कंपनीनंच बसवलेला. रीडिंग साठ हजारांच्या पुढं गेलंय. मॉडेलचं नाव मुद्दाम टाकत नाही. नाव टाकलं की निम्मे लोक त्या कंपनीचे जावई असल्यासारखे भांडायला येतात, आणि तसंही या किमतीतल्या दोन-तीन गाड्यांना खालचं बहुतेक सगळं लागू पडतं.

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. घर जुळे सोलापूरला, शाळा मंद्रूपच्या पुढं आत एका वस्तीवर. जाऊन-येऊन पन्नास किलोमीटरच्या आसपास. बरोबर दोन बाई आणि एक गुरुजी असतात, खर्च वाटून घेतो. विजापूरचा हायवे चौपदरी झाल्यापासून त्रास उरला तो आतल्या चार-पाच किलोमीटरचा. पावसाळ्यात काळी माती चाकाच्या कमानीत अशी गच्च बसते की वळताना टायर घासल्याचा आवाज येतो. सुगीत रस्त्यावर तूर नाहीतर उडीद पसरलेला, मग ज्वारीचा कडबा. अशा वापरावरून लिहितेय. रविवारी मॉलला नेणाऱ्यांचा अनुभव वेगळा असेल.

आधी जमेची बाजू, कारण ती मोठी आहे. या गाडीनं मला रस्त्यात एकदाही सोडलं नाही. एकदा वडकबाळच्या पुलाच्या अलीकडं इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि गाडी गचके खायला लागली. ॲक्सिलरेटर दाबला तरी जोर नाही, बसल्या जागी सगळं अंग थरथरतंय. तशीच तिसऱ्या गिअरमध्ये हळूहळू शाळेपर्यंत नेली, संध्याकाळी तशीच परत आणली. निघालं काय, तर एका सिलिंडरची इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) गेलेली आणि गाडी दोन सिलिंडरवर चाललेली. वाढीव वॉरंटी घेतली होती, त्यात फुकट बदलून मिळाली. याशिवाय आजवर बॅटरी, पुढच्या सस्पेन्शनचे दोन्ही लिंक रॉड, ब्रेक पॅड आणि एक व्हील बेअरिंग, एवढंच बदललंय. क्लच अजून कंपनीचाच आहे. तुळजापूरच्या घाटात पाच माणसं बसवून गॅसवर चढवली तेव्हा दुसऱ्या गिअरच्या वर गेली नाही, पण कुरकुर न करता चढली.

बॅटरी तिसऱ्या उन्हाळ्यात गेली, त्याबद्दल गाडीला दोष देत नाही. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो, बॉनेटखाली तर विचारूच नका. थंडीत बॅटरी जाते असं लोक समजतात, पण तिला आतून खाते ती उष्णता. थंडीत फक्त ते उघडं पडतं. सोलापुरात बॅटरी तीन-साडेतीन वर्षं टिकली तर तिनं काम केलं म्हणायचं.

आता गॅस. किलोला २७-२८ किलोमीटर पडतात, उन्हाळ्यात एसी लावून २४. पेट्रोलचा हिशेब डोळ्यासमोर आणला की बाकी सगळं माफ करावंसं वाटतं. पण गॅसचा खरा खर्च पैशात नसतो, वेळेत असतो. गाडी घेतली तेव्हा पंप मोजके होते, आता वाढलेत, तरी रांग काही सुटली नाही. काही पंपांना पाइपलाइन नसते. त्यांचा गॅस सिलिंडर भरलेल्या ट्रकमधून येतो, आणि ट्रक रिकामा होत आला की प्रेशर उतरतं. नोझल लावलेलं, प्रेशरचा काटा २०० बारऐवजी दीडशेच्या आसपास थबकलेला, आणि पंपावरचा पोरगा म्हणतो, “मॅडम, एवढंच जातंय, घ्यायचं का बघा.” मागं रिक्षांचा हॉर्न. घ्यावंच लागतं.

त्यातही भर दुपारी गॅस कमीच बसतो. भरताना गॅस दाबला जातो म्हणून तापतो, तापला की प्रेशर वाढतं, आणि टाकीत माल कमी असतानाच काटा २०० बारला टेकतो. घरी येऊन गाडी निवली की तोच काटा खाली आलेला दिसतो. पंपवाल्यानं फसवलं म्हणून भांडणारे मी बघितलेत, पण त्याचा काही दोष नसतो. पहाटे सहाच्या आत गेलात तर रांग नसते आणि त्याच टाकीत अर्धा-पाऊण किलो जास्त बसतो. सिलिंडर कागदावर ६० लिटरचा, पण आजवर आठ किलोच्या वर गेल्याचं मला आठवत नाही. भरताना सगळ्यांनी गाडीतून उतरायचं हा नियम, आणि तो बरोबरच आहे. मात्र मे महिन्यात सासूबाईंना त्या पत्र्याच्या शेडबाहेर उभं करून बघा, मग घरी काय ऐकावं लागतं ते कळेल.

डिकी विसरा. सिलिंडर आडवा पडला की उरते ती एका पिशवीची जागा. शाळेच्या पोषण आहाराचं एक पोतं आणायचं म्हटलं तरी मागच्या सीटवर ठेवावं लागतं. पंक्चर झाल्यावर स्टेपनी काढायची कसरत वेगळीच. हे शोरूममध्ये कुणी दाखवत नाही. तिथं डिकी उघडायची, “कंपनी फिटेड आहे मॅडम, टेन्शन नाही,” म्हणायचं आणि झाकायची.

सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबानं केलेली तपासणी) असते, हेही विकताना कुणी सांगत नाही. त्यातली मेख अशी की ही तीन वर्षं गाडी घेतल्या दिवसापासून धरायची नसतात. सिलिंडरवर टेस्टची तारीख कोरलेली असते, तिच्यापासून मोजायची. माझा कोरलेला महिना ऑगस्ट २०२१, गाडी नोव्हेंबरची. टेस्टला सिलिंडर उतरवून देतात. ते दोन-तीन दिवस गाडी पेट्रोलवर चालवायची, आणि तेवढ्यात डिकी केवढी मोठी आहे ते बघून जीव हळहळतो.

पेट्रोलवर अधूनमधून चालवावीच. आमची गाडी सुरू पेट्रोलवर होते आणि थोडी तापली की आपोआप गॅसवर जाते, त्यामुळं टाकीतलं पेट्रोल महिनोन्महिने संपत नाही. आताच्या पेट्रोलात २० टक्के इथेनॉल. ते हवेतली ओल धरतं, फार दिवस पडू देऊ नये. (इथेनॉल बहुधा आमच्याच जिल्ह्यातल्या एखाद्या साखर कारखान्याचं असणार, पण म्हणून काही सवलत मिळत नाही.) मी पाच-सहा लिटरच ठेवते आणि आठवड्यातून एखादी फेरी पेट्रोलवर मारते.

कारखाने निघालेच आहेत तर हेडलाइटबद्दल. पिवळे हॅलोजन, उजेड पुढं पडण्यापेक्षा बाजूच्या शेतात जास्त. नोव्हेंबर ते मार्च उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या पाल्याखाली झाकलेला. अंधारात ते धूड अगदी जवळ आल्यावर दिसतं. शिवाय ओव्हरटेक करायला गॅसवर जोर कमी. मी आधी एसी बंद करते, चौथ्यातून तिसऱ्यात येते, मगच बाहेर काढते. मागं बसलेल्या बाई आता एसी बंद झाला की आपोआप बोलायच्या थांबतात.

एसी स्वतः चांगला आहे, पण छोट्या इंजिनाला तो जड जातो. दुपारी दोनला शाळेच्या पटांगणातून गाडी काढली की पहिली दहा मिनिटं निव्वळ भट्टी. काळा डॅशबोर्ड, काळं स्टिअरिंग. शोरूममध्ये काळा रंग श्रीमंत दिसतो, सोलापुरात तो हाताला चटका देतो. चादरी-टॉवेलच्या गावात राहत असल्याचा एवढा फायदा मी करून घेतलाय : पुढच्या काचेवर जुनी सोलापुरी चादर, स्टिअरिंगवर टॉवेल. बाजारात मिळणाऱ्या चंदेरी पडद्यापेक्षा चादर बरी, वाऱ्यानं उडत नाही.

आता जे एकाही पुरुषाच्या रिव्ह्यूत मी वाचलेलं नाही, ते. माझी उंची पाच फूट. ड्रायव्हर सीट वर-खाली होत नाही. बॉनेट दिसावं म्हणून खाली उशी घ्यावी लागते, आणि उशी घेतली तरी सीटबेल्टचा वरचा हूक आहे तिथंच राहतो, म्हणून पट्टा थेट गळ्यावर येतो. दोन्ही गोष्टी वरच्या मॉडेलमध्ये मिळतात, पण ते गॅसमध्ये मिळत नव्हतं. सीट पुढं-मागं करायची दांडी आणि दाराचा उंबरठा यांच्यामध्ये साडीचा काठ अडकतो. दार लावलं की पदर बाहेर, आणि पुढच्या सिग्नलला कुणीतरी दुचाकीवाला खुणा करून सांगतो. पर्स ठेवायला जागा नाही. शेजारच्या बाईंच्या पायाशी माझी पर्स, त्यांची पर्स आणि तीन डबे. डाव्या बाजूचा आरसा आतून फिरत नाही. पार्किंगमध्ये कुणी तो मिटवून गेलं की उतरून, पलीकडं जाऊन, अंदाजानं लावायचा, परत येऊन बसायचं, बघायचं, पुन्हा उतरायचं. मागच्या काचेला वायपर नाही आणि गाडी मागून उभी कापल्यासारखी, त्यामुळं कच्च्या रस्त्यावरची सगळी धूळ नेमकी तिथंच बसते. इतर शहरात म्हणतील धुवा. आमच्याकडं नळाला पाणी काही दिवसांआड, आणि बोअरच्या पाण्यानं धुतली तर वाळल्यावर क्षाराचे पांढरे ठिपके. मी ओल्या फडक्यानं काच तेवढी पुसते. बाकी गाडीचा रंग पांढरा होता, हे कागदपत्रांत लिहिलेलं आहे.

यातली एकही गोष्ट बिघाड म्हणून नोंदवता येत नाही. सर्व्हिसिंगला सांगितलं तर ॲडव्हायझर मान डोलावतो आणि “मॅडम, सगळ्या गाड्यांना असंच आहे” म्हणतो. त्याच्याकडं लिहून घ्यायला दुसऱ्या गोष्टी असतात. दहा हजार किलोमीटर नाहीतर एक वर्ष झालं की ऑइल, फिल्टर, तपासणी, इथवर ठीक. पण जॉब कार्डवर एसी डिसइन्फेक्टंट, थ्रॉटल क्लीनिंग, इंजिन ड्रेसिंग, अंडरबॉडी कोटिंग अशी ओळ लागते. इंजिन ड्रेसिंग म्हणजे इंजिनाला पावडर-कुंकू. मी आता आधीच सांगते, पुस्तकात जे लिहिलंय तेवढंच करा, जास्तीचं फोन करून विचारल्याशिवाय नको. गॅसच्या गाडीला स्पार्क प्लग, एअर फिल्टर आणि गॅसचा फिल्टर वेळेवर बदलणं महत्त्वाचं, तिथं कंजुषी करत नाही.

मागून खडखड यायला लागली तेव्हा याच सर्व्हिस सेंटरनं मागचे शॉकअब्सॉर्बर आणि बुश बदलायचे सांगून चांगला पाच आकडी अंदाज काढून दिला. मी गाडी अशोक चौकाकडच्या एका मेकॅनिककडं नेली. घरी तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, पोराला शिव्या दोन्हीत. त्यानं गाडी उचलली नाही की पाना काढला नाही. मला म्हणाला, “तुम्ही चालवा, मी मागं बसतो. आवाज कुठनं येलालाय बघू.” खड्ड्याचा रस्ता धरून एक चक्कर मारली. तो मागच्या सीटवर उलटा गुडघ्यावर बसलेला, कान सिलिंडरला लावलेला. मग उतरला, मागच्या दारावर तळहातानं दोन थापा मारल्या आणि हसायला लागला. नंबर प्लेटचा एक स्क्रू ढिला होता. पत्रा पत्र्यावर आपटत होता आणि रिकाम्या दारात तो आवाज घुमत होता. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून प्लेटच्या मागं घातली, स्क्रू आवळला. पैसे घेतले नाहीत. पुढचे लिंक रॉड त्याच्याकडूनच घातले, ते खरोखर गेले होते.

तर घ्यावी का? रोज चाळीस-पन्नास किलोमीटर असेल, पंप वाटेत असेल आणि सामान न्यायचं नसेल तर घ्या. रोजचं दहा किलोमीटर असेल तर पेट्रोलचंच घ्या, डिकी तरी मिळेल. बुटक्या बायकांनी सीटची उंची आणि बेल्टचा हूक आधी बघावा, मग रंग. टेस्ट ड्राइव्ह दुपारी मागा, एसी लावून, चौघांना बसवून. होटगी रोडच्या गुळगुळीत पट्ट्यावर नेतो म्हणाले तर नको म्हणा, जिथं रस्ता खणलाय तिकडं न्या. साडी नेसत असाल तर साडीतच जा.

आमच्या ह्यांना आता उंच गाडी हवी आहे. सिलिंडरची पुढची टेस्ट ऑगस्ट २०२७ मध्ये आहे. ती करायची की त्याआधी गाडी काढून टाकायची, यावर घरात बोलणी चालू आहेत. शाळेतल्या एका बाईंनी मात्र आत्ताच सांगून ठेवलंय, विकायची झाली तर आधी मला विचारा. त्या माझ्यापेक्षा चार इंच उंच आहेत.