चिपिंग कॅम्पडन ते ब्रॉडवे: गव्हाच्या शेतातून गेलेली वाट

तलाठी म्हणून महसूल खात्यात लागले आणि मंडल अधिकारी म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे कुठेही गेले तरी पायाखालची वाट कोणाच्या गटातून जाते, ती कोणी अडवली तर नाही ना, हे आधी बघते. लेक-जावई इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला असतात. जूनच्या मध्यावर एका शनिवारी जावई म्हणाले, "आई, दोन गावांच्या मधली शेतातली वाट आहे. दहाएक किलोमीटर. झेपेल का तुम्हाला?" झेपली, आणि इतकी मनात भरली की लिहायलाच बसले.

सुरुवात ग्लॉस्टरशायरमधल्या चिपिंग कॅम्पडनपासून. एका काळी लोकरीच्या व्यापारावर श्रीमंत झालेलं हे गाव. घरं तिथल्याच चुनखडीच्या दगडाची, रंग पातळ मधासारखा. मधोमध १६२७ साली बांधलेली बाजाराची पडवी आहे. चारी बाजूंनी कमानी, वर छप्पर आणि खाली खडबडीत दगडी फरशी, मध्ये झिजून खोलगट झालेली. इथूनच 'कॉट्सवोल्ड वे' ही थेट बाथ शहरापर्यंत जाणारी १०२ मैलांची पायवाट निघते. आपण चालायचा तो तिचा पहिला तुकडा.

गावातून निघालं की चढ लागतो तो डोव्हर्स हिलपर्यंत. दम लागतो, पण वर पोचल्यावर समोर इव्हशॅमचं अख्खं खोरं उघडतं. १६१२ च्या सुमारास रॉबर्ट डोव्हर नावाच्या वकिलाने या उतारावर खेळ भरवायला सुरुवात केली. आजही मेअखेरीस-जूनच्या सुरुवातीला ते भरतात आणि त्यात एकमेकांच्या नडग्यांवर लाथा मारायची स्पर्धा असते. जावयांनी सांगितलं तेव्हा माझा विश्वास बसेना.

टेकडीनंतर आम्ही एकदा चुकलो. बोलण्याच्या नादात खांबावरची खूण सुटली आणि पाव तास वाया गेला. खूण म्हणजे ओकच्या फळाचं छोटं चित्र, ते दिसलं की वाट बरोबर. साध्या पायवाटेला पिवळा बाण असतो, घोड्यांनाही मुभा असेल तर निळा. पुढे 'माइल ड्राइव्ह' हा गवताचा रुंद, सपाट पट्टा आहे. माझ्या गुडघ्यांना तिथे खरा आराम मिळाला. दोन्हीकडे चुना-माती न लावता रचलेले दगडी बांध, कोकणात ज्याला गडगा म्हणतात तसेच. वर चंडोल गात होता.

आणि मग ते गव्हाचं शेत आलं. सगळी वाट एकीकडे आणि हे शेत एकीकडे.

गहू मांडीइतका वाढलेला. ओंब्या बाहेर पडलेल्या, पण अजून हिरव्या. बांधाच्या कडेकडेने जायचं असेल म्हणून मी कोपऱ्याकडे वळले, तर लेक म्हणाली, "आई, सरळ चल." बघते तर वाट पिकाच्या मधून, या बांधापासून त्या बांधापर्यंत दोरी लावल्यासारखी गेलेली. मी खाली बसले आणि वितीने मोजली. साडेपाच विती भरली, म्हणजे मीटरभराला जास्तच. दोन्ही काठांना गव्हाची ताटं उभी, आणि मध्ये पावलांनी दाबून घट्ट झालेली माती. पिकाचं पान वाटेवर लोळत नव्हतं. एवढ्या रुंदीचं पीक त्या शेतकऱ्याने सोडलं होतं, आणि वाटेवर कुठे काटा नाही, तार नाही, दगड नाही.

घरी येऊन जावयांकडून कायदा समजून घेतला. शेताच्या मधून जाणारी वाट नांगरायची शेतकऱ्याला मुभा आहे, पण पेरणीसाठी पहिल्यांदा मोडली की चौदा दिवसांच्या आत किमान एक मीटर रुंदीची पुन्हा करून द्यावी लागते. बांधाच्या कडेची असेल तर नांगरायचीच नाही, आणि तिची किमान रुंदी दीड मीटर. या सगळ्या वाटा काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, अधिकृत नकाशावर नोंदलेल्या असतात, ती नोंद १९४९ च्या कायद्याने सुरू झाली. एखाद्या वाटेने लोक वीस वर्षं बिनाअडथळा, हक्काने चालत आले, तर ती सार्वजनिक मानली जाते. वहिवाट म्हणतो आपण, तीच.

आपल्या गाव नकाशावरही पायमार्ग आहे. तुटक एकेरी रेषा, रुंदी सव्वाआठ फूट. म्हणजे कागदावर आपली वाट यांच्यापेक्षा रुंद. ती अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५ आहे, बांधावरून नवी हवी असेल तर जमीन महसूल अधिनियमाचं कलम १४३ आहे. मी स्वतः किती स्थळपाहण्या केल्या, किती पंचनामे लिहिले. एक म्हातारी अजून डोळ्यांसमोर येते. भावकीने वाट नांगरून टाकली होती. तिच्या उसाला तोड आली, पण गाडी आत जाईना म्हणून टोळी माघारी गेली. वाट मोकळी झाली तोवर ऊस वाळून गेला होता. त्या गव्हात मला ती आठवली आणि मी बराच वेळ जागची हलले नाही. लेकीने काही विचारलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. फिश हिलला ए-४४ हा मोठा रस्ता ओलांडावा लागतो. गाड्या वेगात येतात, मुलं बरोबर असतील तर हात धरा. या वाटेत मला खटकलेली गोष्ट ही एकच. मग ब्रॉडवे टॉवर लागतो, सुमारे ६५ फुटांचा आणि १७९० च्या दशकाच्या अखेरीस बांधलेला. टेकडीच ३१२ मीटर उंच असल्याने टॉवरवर न चढता खालूनही भरपूर दिसतं, आम्ही तिकीट काढलं नाही. शेजारी कॅफे आहे. चहा आणि डबा दोन्ही तिथेच उरकून घ्या.

टॉवरपासून ब्रॉडवेपर्यंत सगळा उतार. मेंढ्यांची कुरणं आणि एकामागून एक फाटकं. फाटक एका अरुंद कोंडाळ्यात झुलतं. आपण आत शिरायचं, ते पलीकडे लोटायचं आणि बाहेर पडायचं. माणूस जातो, मेंढी अडते. दोनशे मीटरहून जास्त उतरायचं असल्याने गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्याच. पाऊस झाला असेल तर चिखल बुटाला धरून बसतो, साध्या चपलांनी जाऊ नका.

खर्च म्हणाल तर चालण्याचा काहीच नाही. ऑर्डनन्स सर्व्हे या तिथल्या सरकारी नकाशा संस्थेचा ओएल४५ हा नकाशा मात्र विकत घ्या. मोबाइलवर वाट दिसते, पण त्या कागदावर प्रत्येक शेताचा बांध दिसतो. परतीच्या बसची वेळ आधीच बघून ठेवा. आम्ही दुसरी गाडी ब्रॉडवेला लावून ठेवली होती.

पुढच्या रविवारी ब्रॉडवे ते स्टँटन. जावयांनी नकाशाची पुढची घडी उलगडून टेबलावर ठेवली आहे, आणि मी त्यातल्या हिरव्या तुटक रेषा भिंगातून बघत बसले आहे.