नाल्याचे आरोग्य तपासणारा संच: रसायनांपेक्षा जाळी मोलाची

आमच्या गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने गेल्या हिवाळ्यात ओढ्या-नाल्यांचे आरोग्य तपासण्याचा एक तयार संच विकत घेतला. वर्धा जिल्ह्यात धाम नदीला मिळणाऱ्या आमच्या नाल्यावर तो वापरून झाला असून, असा संच घेण्याच्या विचारात असलेल्या शाळांना आणि ग्रामपंचायतींना उपयोग व्हावा म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे. जलजीवन मिशनमधून गावोगावी मिळालेल्या पाणी तपासणीच्या पेटीशी याची गल्लत करू नये. ती पेटी पाणी पिण्याजोगे आहे की नाही हे पाहण्यासाठी आहे. नाला स्वतः जिवंत आहे की नाही, हे पाहण्यासाठी हा संच आहे.

विरघळलेला प्राणवायू, सामू, नायट्रेट आणि फॉस्फेट यांच्या चाचण्यांची रसायने पेटीच्या एका कप्प्यात आहेत. दुसऱ्या कप्प्यात बारीक विणीची हातजाळी, पांढरा ट्रे, भिंग, पाण्यातल्या किड्यांच्या ओळखीचे कार्ड आणि काठाची स्थिती नोंदवण्याचा तक्ता आहे.

प्राणवायूची चाचणी जुन्या, खात्रीच्या विंकलर पद्धतीची आहे. बुडबुडा राहू न देता बाटली काठोकाठ भरायची, त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड घालायचे. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका तयार होतो आणि नसेल तर तो पांढराच राहतो. पुढे आम्ल घालून साका विरघळवला की थेंब मोजत नेमका आकडा काढता येतो. चाचणी उत्तम आहे, परंतु ती कोणत्या वेळी करावी याबद्दल माहितीपुस्तिकेत एक ओळही नाही, आणि हा मला या संचातला सर्वांत गंभीर दोष वाटतो. गावाचे सांडपाणी जिथे नाल्यात उतरते त्याच्या खालच्या डोहात, शेवाळाने पाणी हिरवे झाले असतानाही, भरदुपारी आलेला आकडा गावाच्या वरच्या स्वच्छ धारेपेक्षा जास्त होता. ऊन असेपर्यंत शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडते, रात्रभर मात्र तेच शेवाळ आणि कुजणारा गाळ मिळून तो ओढून घेतात. त्याच डोहाचे पाणी सूर्योदयापूर्वी घेतले, तेव्हा बाटलीतला साका जवळजवळ पांढरा होता. ज्याने फक्त दुपारी तपासणी केली, तो या डोहाला निरोगी ठरवून घरी जाईल.

जाळी मात्र अशी फसत नाही. प्रवाहात जाळी उभी धरून तिच्या वरच्या अंगाचे गोटे तीन मिनिटे पायाने ढवळायचे आणि जाळीत आलेले सगळे ट्रेमध्ये ओतायचे, एवढीच कृती आहे. गावाच्या वरच्या बाजूला ट्रेमध्ये झिंगे होते, वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळीत राहणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्या होत्या, आणि शेपटीला तीन धागे व पोटाच्या दोन्ही कडांना सतत हलणारे कल्ले असलेली मेफ्लायची पिल्ले होती. खालच्या डोहात लाल अळ्या आणि गोगलगायी यांच्यापलीकडे फारसे काही नव्हते. या अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असते, म्हणून त्या लाल दिसतात आणि जवळपास प्राणवायू नसलेल्या गाळातही तग धरतात. रसायने त्या घटकेचे पाणी सांगतात. हे जीव कित्येक आठवडे, काही तर महिनोन्‌महिने त्याच पाण्यात राहिलेले असतात. कपाशीवरच्या फवारणीतून वाहून येणारे कीटकनाशक मोजण्याची सोय या पेटीत नाही, परंतु मेफ्लाय त्याला फार लवकर बळी पडत असल्याने वावरालगतच्या धारेतून ती एकाएकी नाहीशी झाली, तर तेवढ्यावरून शंका घेता येते.

कार्डावरची गुणपद्धत ब्रिटनमध्ये तयार झालेली आहे. तीत प्रत्येक कुळाला, प्रदूषण सोसण्याची ताकद जितकी कमी तितके जास्त, असे 1 ते 10 गुण असून गांडुळवर्गीय किड्यांना 1, लाल अळ्यांच्या कुळाला 2 आणि स्टोनफ्लायच्या बहुतेक कुळांना 10 गुण मिळतात. स्टोनफ्लाय ही थंड, खळाळत्या पाण्यात रमणारी. काळ्या मातीतल्या, उन्हाळ्यात डोहांपुरत्या उरणाऱ्या आमच्या नाल्यात ती मिळाली नाही म्हणून त्याला आजारी ठरवणे अन्यायाचे होईल. त्यामुळे एकूण गुणांवर विसंबू नये. त्यांना सापडलेल्या कुळांच्या संख्येने भागून सरासरी काढावी आणि ती आपल्याच नाल्याच्या वरच्या, चांगल्या भागाशी ताडून पाहावी. चित्रांखाली मराठी नावे नाहीत, हेही खटकते. झिंगे-खेकडे धरणाऱ्या आमच्या गावातल्या माणसांना यांतले बरेच जीव ओळखता येतात, आणि ते सोबत असले की काम निम्म्या वेळात होते.

काठाचा तक्ता थोडक्यात आणि चांगला आहे. करंज-जांभळाची सावली, बेशरमचे रान, रेतीचा उपसा, खोलीकरणात सपाट झालेला तळ, असे सगळे त्यात नोंदवता येते.

चाचणीनंतरचे द्रावण नाल्यात मुळीच ओतू नये. त्यात आम्ल असते आणि बहुतेक वेळा विषारी अझाइडही. ते वेगळ्या कॅनमध्ये साठवून जिल्ह्याच्या ठिकाणी एखाद्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाकडे द्यावे. रसायने संपल्यावर कंपनी ती सुटी देत नाही, पूर्ण पेटीच पुन्हा घ्यावी लागते, आणि लहान ग्रामपंचायतीला हा खर्च दरवर्षी झेपणारा नाही. ज्यांच्याकडे पैसे कमी आहेत त्यांनी बारीक जाळीचे कापड, पांढरे घमेले आणि भिंग घेऊन डिसेंबर-जानेवारीत, पुराचे पाणी ओसरून धार स्थिरावली की, सुरुवात करावी. रसायनांची पेटी नंतर दोन-तीन गावांनी मिळून घेतली तरी चालेल.