मातीतल्या जिवाणूंची डीएनए टेस्ट: किट झकास, स्कोअरच्या नादी लागू नका (5 पैकी 3 स्टार)

नेहमीच्या माती परीक्षणात सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल ते), सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश कळतं, पण मातीत राहतंय कोण ते काही कळत नाही, म्हणून ही सर्व्हिस घेतली. तीन नमुने पाठवले. एक दर हंगामाला नांगरट आणि रोटाव्हेटर होतो त्या रानातला, दुसरा बरीच वर्षं पडीक असलेल्या गवताच्या तुकड्यातला, आणि तिसरा जुन्या झाडांखालचा, जिथे औत कधी लागलंच नाही.

किटला पूर्ण मार्क. वरच्या 15 सेंटीमीटरमधली माती दहा-बारा ठिकाणांहून घेऊन एकत्र करायची, कारण मुळाला चिकटलेल्या मातीतली वस्ती वेगळी आणि वीतभर लांबची वेगळी. साध्या परीक्षणाला सावलीत वाळवतो तसं इथे अजिबात करायचं नाही, थंड ठेवून लगेच पाठवायची, नाहीतर वाटेतच वस्ती बदलते. (मी सवयीने पेपरवर पसरली होती, घरच्यांनी सूचना वाचल्या म्हणून वाचलो.)

रिपोर्ट रंगीत, दिसायला भारी. आणि इथेच डोकं फिरलं. नांगरलेल्या रानाला सगळ्यात जास्त डायव्हर्सिटी स्कोअर (जिवाणूंच्या विविधतेचा आकडा), वर हिरवी टिक, आणि झाडांखालच्या मातीला पिवळा शेरा, ‘सुधारणेला वाव’. अरे सुधारणा म्हणजे काय करू, झाडं तोडून नांगर घालू का?

गंमत म्हणजे आकडा चुकीचा नसणार. जिवाणूंचे प्रकार किती हे सगळ्यात जास्त सामूवर ठरतं, उदासीन मातीत जास्त, आम्ल मातीत कमी, हे 2006 पासून माहितीये. माझ्या झाडांखालची माती आम्लच निघाली. आणि 2013 साली ॲमेझॉनमधल्या अभ्यासात असंच दिसलं होतं की जंगल तोडून कुरण केलं तर एकेका जागी जिवाणूंचे प्रकार उलट वाढले, पण एका जागेची माती आणि दुसऱ्या जागेची माती यांतला फरकच कमी झाला, ठरावीक जागीच सापडणारे गेले आणि कुठेही तग धरणारे सगळीकडे पसरले. म्हणजे जागोजागचा स्कोअर वर जातो आणि एकूण खजिना रिकामा होतो! हे पकडायचं तर एकाच वापराच्या जमिनीतले पाच-सहा नमुने वेगवेगळ्या ट्यूबमध्ये तपासायला हवेत, आणि यांच्या पद्धतीत तर सगळं एकत्र कालवून एकच ट्यूब. तरीपण रिपोर्टात तुलनेचा नकाशा दिलाय, तीन टिंबांचा, एका नमुन्याला एक टिंब. तीन टिंबांवरून काय डोंबल कळणार.

दुसरी तक्रार, बुरशीची तपासणी वेगळी घ्यावी लागते आणि ते ऑर्डर देताना नीट सांगत नाहीत. नांगराचा मोठा फटका बुरशीलाच बसतो ना, तिचं धाग्यांचं जाळं तुटतं. मायकोरायझा, म्हणजे मुळांशी जोडीने राहणारी बुरशी, पिकाच्या मुळांना स्फुरद आणून देते आणि बदल्यात साखर घेते, पण आपण स्फुरद खत भरमसाठ ओतलं की पीक तिला पोसायचं कमी करतं. नुसते जिवाणू मोजून ही गोष्ट दिसतच नाही.

अजून एक, टेस्ट मेलेल्यांचा डीएनएही मोजते. 2016 च्या एका अभ्यासात जिवाणूंचा सरासरी 40 टक्के डीएनए असा जुना, पेशीबाहेर पडलेला निघाला होता. म्हणजे जमिनीचा वापर नुकताच बदलला असेल तर रिपोर्टात आधीचे भाडेकरूही हजर. हे कुठेतरी बारीक अक्षरात तरी लिहायला पाहिजे होतं.

कस्टमर केअरला पिवळ्या शेऱ्याचं विचारलं तर त्यांनी जिवाणू कल्चरची बाटली घ्यायला सांगितली, झाडांखाली ओतायला. विषय संपला.

तरी तीन स्टार देतोय, कारण कुठल्या गटाचे जिवाणू किती टक्के ती यादी खरंच कामाची आहे, पडीक गवताचा तुकडा नांगरलेल्या रानापेक्षा झाडांकडे जास्त झुकलेला दिसला. पुढच्या वेळी बुरशीचीच टेस्ट घेणार, फक्त रान आणि पडीक, ट्यूब वेगवेगळ्या, आणि स्कोअरचं पान उघडणारच नाही.