व्लादिमीर: दोन तासांत उरकायचं गाव नव्हे

मॉस्कोहून सुझदाल या जुन्या रशियन गावाला जाणाऱ्या बहुतेक सहली वाटेत व्लादिमीरला दोन तास थांबतात, आणि तिथेच घोटाळा होतो. युनेस्कोच्या यादीत 1992 साली आलेली इथली पांढऱ्या चुनखडीची चर्चेस बघायला एक पूर्ण दिवस आणि एक मुक्काम हवाच. मॉस्कोच्या कुर्स्की स्टेशनवरून जलद गाडीने पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. स्टेशन टेकडीच्या पायथ्याशी, चर्चेस वर. चढ पायी होण्यासारखा आहे.

सुरुवात उस्पेन्स्की कॅथेड्रलपासून करा. मूळ इमारत 1158-60 ची. 1185 च्या आगीनंतर राजा व्सेवोलोदने ती न पाडता तिच्याभोवती नव्या भिंती घातल्या. त्यामुळे जुन्या चर्चची बाहेरची भिंत आज आत दिसते, तिच्यावरच्या बारीक खांबांच्या कमानींसकट. आंद्रेई रुब्ल्योव आणि दानिईल चोर्नी या मध्ययुगीन रशियन चित्रकारांची 1408 ची भित्तिचित्रं पश्चिमेकडच्या सज्जाखाली आहेत. लोक दारातून थेट समोरच्या सोनेरी आयकॉन-भिंतीकडे (संतांच्या चित्रांनी भरलेल्या पडद्याकडे) जातात आणि ‘अंतिम न्याया’चं चित्र डोक्यावरच राहून जातं. आत गेल्यावर आधी तिथेच थांबा, मान वर करा. न्यायाच्या दिवसाचं चित्र असूनही त्या चेहऱ्यांवर दरारा नाही, माया आहे. उजेड कमी असतो, छोटी दुर्बीण फार उपयोगी पडते. चर्च पूजेचं आहे. प्रार्थनेच्या वेळा टाळून जा. बायकांनी डोक्यावर ओढणी घ्यावी, पुरुषांनी टोपी काढावी.

शेजारचं दिमित्रीयेव्स्की कॅथेड्रल (1194-97) मात्र बाहेरून बघायचं. भिंतींच्या वरच्या भागात सिंह, पक्षी, वेली, घोडेस्वार अशी सुमारे 600 कोरीव शिल्पं आहेत. दक्षिण भिंतीवर आकाशात निघालेला सिकंदर, उत्तर भिंतीवर मुलांना घेऊन बसलेला व्सेवोलोद. शिल्पांचा उठाव कमी, त्यामुळे समोरून ऊन पडलं की सगळं सपाट दिसतं. तिरपं ऊन हवं: पश्चिम भिंतीला दुपार कलल्यावर, उत्तरेला जून-जुलैच्या संध्याकाळी उशिरा. पावसाळी, दमट हवेत आतली बाराव्या शतकातली चित्रं जपण्यासाठी दार बंद ठेवतात. तसं झालं तर चिडू नका. बाहेरच खरा ऐवज आहे.

‘सोनेरी दरवाजा’ (1164), म्हणजे शहराची जुनी वेस, रस्त्याच्या मधोमध उभा आहे. आत 1238 च्या मंगोल हल्ल्याचा देखावा आहे, त्याला अर्धा तास पुरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोगोल्युबोवो हे गाव. शहरापासून 10 किलोमीटरवर, आणि तिथल्या स्टेशनापासून कुरणातून दीडेक किलोमीटर चाललं की नेर्ल नदीकाठचं पोक्रोव चर्च येतं. पुराची जागा, म्हणून कारागिरांनी पायावर 3.7 मीटर उंच दगडी भिंती रचल्या, त्यांच्यात आणि भोवती माती भरली आणि त्या टेकाडावर चर्च बांधलं. वसंतात बर्फ वितळून पाणी चढलं की चर्च बेटासारखं उरतं. फोटो अप्रतिम येतो, पण पायवाट पाण्याखाली जाते. त्या दिवसांत निघण्याआधी चौकशी करा. उन्हाळ्यात डासांचं मलम आणि पाण्याची बाटली विसरू नका, वाटेत सावली नाही.

भारतातल्या बँकांची व्हिसा आणि मास्टरकार्ड कार्डं रशियात चालत नाहीत. रोख रूबल मॉस्कोतच घ्या, कारण बहुतेक ठिकाणी तिकीट वेगळं काढावं लागतं.