युरोपच्या विचारांच्या इतिहासात पीएचडी: इंग्लंडची तीन वर्षं की अमेरिकेची सहा?

लॅटिन किती येतं? या विषयात पीएचडी करायचीय म्हणून सल्ला विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच विचारते. विद्यापीठ, गाईड, स्कॉलरशिप सगळं त्यानंतर. साधारण १४५० ते १८०० या काळात युरोपातली शिकलेली माणसं देशोदेशी एकमेकांना पत्रं लिहायची ती बरीचशी लॅटिनमध्ये. इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जने १६५१ मध्ये इंग्रजीत छापलेला राज्यविचारावरचा ग्रंथ ‘लेव्हायथन’ १६६८ मध्ये स्वतःच लॅटिनमध्ये आणला, आणि दोन्हींत जागोजागी फरक आहेत. ते फरक आपल्या डोळ्यांनी वाचता आले तरच त्यावर बोलता येतं. आपल्याकडे इतिहासात एमए झालेल्या मुलामुलींच्या वाट्याला लॅटिन सहसा येतच नाही. म्हणून इंग्लंड की अमेरिका, हे मी एका हिशेबावर ठरवायला सांगते: भाषा शिकायला तुमच्या हाती किती वर्षं येणार?

माझी पीएचडी इंग्लंडमधली. त्यानंतर दोन वर्षं अमेरिकेत शिकवलं.

इंग्लंडमध्ये पहिल्या दिवसापासून प्रबंध. वर्ग नाहीत, लेखी परीक्षा नाहीत. तीन वर्षं, ताणून चार. केंब्रिजमध्ये इतिहासाच्या प्रबंधाला ८०,००० शब्दांची मर्यादा आहे, आणि शेवटी दोन परीक्षकांसमोर बंद दाराआड व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. म्हणजे तुम्ही प्रश्न घेऊनच यायचं असतं. ज्याचा प्रश्न पक्का आहे त्याच्यासाठी यासारखं सुख नाही. राजकीय विचारांचे इतिहासकार क्वेंटिन स्किनर यांनी १९६९ च्या एका लेखात जे मांडलं, की जुना ग्रंथ वाचताना लेखक ते लिहून नेमकं काय करू पाहत होता, कुणाला उत्तर देत होता, हे विचारा, ती शिस्त तिथे अजून अंगात मुरलेली आहे. लंडनचं वॉरबर्ग ग्रंथालय तर मला आजही माहेरासारखं वाटतं. १९३३ मध्ये हॅम्बुर्गहून बोटीने आलेला हा संग्रह विषयांच्या शेजारधर्माने लावलेला आहे. ज्योतिषावरचं एक पुस्तक काढायला जावं आणि शेजारचं घेऊन परतावं, असं माझं कितीदा तरी झालं.

पण पहिल्या वर्षाच्या अखेरीला जो आढावा होतो त्यात मला सांगण्यात आलं, की तुझा प्रश्न चांगला आहे, लॅटिन अपुरं आहे. खरं होतं. मी आठ महिन्यांच्या उन्हाळी-हिवाळी वर्गांवर आले होते. ते लॅटिन सुधारायला वेगळा वेळ मात्र कुणी दिला नाही. स्कॉलरशिपचं घड्याळ चालूच राहिलं. रात्री व्याकरण आणि दिवसा हस्तलिखितं, असं दुसरं वर्ष गेलं, आणि त्या वर्षात मी एकही प्रकरण धड लिहिलं नाही.

अमेरिकेत हाच वेळ गृहीत धरलेला असतो. पीएचडी पाच ते सात वर्षांची. पहिली दोन वर्षं सेमिनार, सोबत परकीय भाषांच्या वाचन-परीक्षा, मग जनरल्स किंवा क्वालिफाइंग नावाची मोठी परीक्षा. त्यासाठी दोन-तीन क्षेत्रांतली पुस्तकांची भलीमोठी यादी वाचून प्राध्यापकांसमोर बसायचं. सुट्ट्यांत लॅटिनच्या उन्हाळी वर्गाला जा, असं विभागच सांगतो, बरेचदा पैसेही देतो. प्रिन्स्टनमध्ये इतिहासकार अँथनी ग्राफ्टन १९७५ पासून अनेक दशकं शिकवत होते. जुन्या विद्वानांच्या समासातल्या टिपांवरून त्यांचं वाचन कसं उभं करायचं, ही विद्या तिथून पिढ्यांनी उचलली. ती तीन वर्षांत हाती लागत नाही.

पीएचडी करता करता शिकवावं लागतं, त्यातही फरक आहे. केंब्रिजमध्ये एक-दोन-तीन विद्यार्थी समोर घेऊन त्यांच्या निबंधावर तासभर बोलायचं, तासाप्रमाणे मानधन. अमेरिकेत टीए (प्राध्यापकाचा शिकवणी-सहायक) म्हणून आठवड्याला वीसेक जणांचे चर्चेचे वर्ग आणि ढीगभर पेपर. थकवतं, पण शिकवायला तिथेच येतं. कोलंबियात १९१९ पासून चालू असलेल्या, जुने विचारग्रंथ वाचायच्या एका सक्तीच्या अभ्यासक्रमात पीएचडीचे विद्यार्थीही स्वतंत्र वर्ग घेतात. रसायनशास्त्र घ्यायला आलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला मॅकियाव्हेली का वाचायचा, हे ज्याने समजावलं त्याला नोकरीच्या मुलाखतीत घाम फुटत नाही.

पैशांचं स्पष्ट बोलते. अमेरिकेतल्या चांगल्या विभागात प्रवेश मिळाला की फीमाफी आणि स्टायपेंड सोबतच येतं. इंग्लंडमध्ये प्रवेश वेगळा, पैसे वेगळे. गेट्स केंब्रिज, ऑक्सफर्डची क्लॅरेंडन अशा मोजक्या स्कॉलरशिपांवर जगभरातून अर्ज येतात. पूर्ण स्कॉलरशिप नसेल तर कर्ज काढून या विषयाच्या पीएचडीला जाऊ नका, प्रवेशपत्रावर कितीही मोठं नाव असलं तरी. दुसऱ्या बाजूने, २०२५ पासून अमेरिकेतल्या काही बड्या विद्यापीठांनी मानव्यविद्यांच्या पीएचडीच्या जागा कमी केल्या, काहींनी एका वर्षापुरते प्रवेशच थांबवले. अर्जाआधी विभागाला मेल टाकून यंदा किती जण घेणार, हे विचारून घ्या.

नोकऱ्या दोन्हीकडे कमी आहेत. अमेरिकेत जागा निघते ती ‘प्रारंभिक आधुनिक युरोप’ एवढ्या रुंद नावाने, आणि तुम्हाला रेनेसाँपासून फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत सगळं शिकवावं लागतं. टेन्युअर-ट्रॅक, म्हणजे पुढे कायम होऊ शकणारी जागा, मिळाली तर साधारण सहाव्या वर्षी कायम होण्याचा निवाडा, आणि मोठ्या विद्यापीठांत तोवर एक पुस्तक छापून हवं. इंग्लंडमध्ये संशोधनाच्या गुणवत्तेची सरकारी मोजणी काही वर्षांनी होते, मागची २०२१ ची, आणि विभागांचं लक्ष तिच्यावर असतं. व्हिसाच्या बाबतीत मात्र इंग्लंड सरस: पीएचडीनंतर ग्रॅज्युएट रूट नावाच्या व्हिसावर तीन वर्षं राहता येतं. अमेरिकेत इतिहासवाल्याला ओपीटीचे (शिक्षणानंतर काम करायच्या परवानगीचे) बारा महिने, विज्ञानवाल्यांना मिळते ती मुदतवाढ नाही.

नेदरलँड्सकडे आपली मुलं फारशी पाहत नाहीत. तिथे पीएचडी ही चार वर्षांची पगारी नोकरी असते, बहुधा एखाद्या प्राध्यापकाच्या प्रकल्पातली, विषय बराचसा ठरलेला. स्वतःचाच प्रश्न घेऊन जायचं असेल तर अडचण. पण प्रकल्प तुमच्या आवडीचा निघाला तर माझ्या मते दोघांपेक्षा बरं.

आणि आपल्या मातीतला एक धागा आहे, तो अर्जात दडवू नका. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहायचा, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे त्याचं येणंजाणं होतं. इथल्या औषधींवरचं त्याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं, दोन वैद्यांच्या गप्पांच्या रूपात. चारच वर्षांनी क्लुसियस या वनस्पतीशास्त्रज्ञाने अँटवर्पहून त्याचा लॅटिन संक्षेप काढला आणि गप्पा काढून टाकल्या. तो १५६७ चा ग्रंथ मी फोमच्या उशीवर ठेवून पहिल्यांदा उघडला तेव्हा थक्क झाले, जेमतेम तळहाताएवढा. समासात कुणीतरी बारीक अक्षरात लिहिलेलं. रोमन ‘पी’च्या दांडीवर आडवी रेघ दिसली की ते ‘पेर’ वाचायचं, एवढं समजायला मला दोन दिवस लागले. मग ओळ उलगडली. संवाद गाळल्यावर कोणता ओर्ता युरोपात पोचला, हा प्रश्न पोर्तुगीज, लॅटिन आणि दख्खनची ओळख तिन्ही असणारा माणूसच नीट सोडवू शकतो. इतक्या भाषांना सहा वर्षंही पुरली तर पुष्कळ.

परत यायचा विचार असेल तर: यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे जागतिक क्रमवारीत पहिल्या ५०० मधल्या परदेशी विद्यापीठाची पीएचडी असेल तर असिस्टंट प्रोफेसरसाठी नेट लागत नाही. पण विषय शिकवायला मिळेलच असं नाही. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी युरोप १७८९ पासून सुरू होतो. दिल्ली विद्यापीठात त्याआधीच्या शतकांवर स्वतंत्र पेपर आहे.

तर ज्याला लॅटिन येतं, प्रश्न सुचलाय आणि स्कॉलरशिप मिळालीय, त्याने इंग्लंड घ्यावं. बाकीच्यांना मी अमेरिकाच सांगेन. तिकडचे अर्ज डिसेंबर-जानेवारीत बंद होतात. शाळेत संस्कृत झालं असेल तर विभक्ती तुम्हाला नव्या नाहीत, ‘रामः रामौ रामाः’ घोकलेल्या जिभेला ‘रोसा, रोसाम, रोसाए’ जड जात नाही. रोज तासभर बसून अर्जाच्या मुदतीपर्यंत तिसऱ्या डिक्लेन्शनपर्यंत (नामं चालवायच्या तिसऱ्या गटापर्यंत) पोचलात, तर एसओपीत, म्हणजे अर्जासोबतच्या निवेदनात, ‘लॅटिन शिकते आहे’ हे वाक्य खरं लिहिता येईल.