मेटफॉर्मिनची गोळी की सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन?

नागपूरच्या धरमपेठेतील माझ्या मावसबहिणीला मधुमेह नाही, तिला फक्त पाच-सहा किलो वजन उतरवायचे आहे आणि मधुमेहावर दिल्या जाणाऱ्या, पण वजनही घटवणाऱ्या या दोन औषधांपैकी कोणते घ्यावे, हे तिला ठरवता येत नाही.

मेटफॉर्मिनने वजन सरासरी दोन-तीन टक्केच घटते. सेमाग्लुटाइडच्या ६८ आठवड्यांच्या चाचणीत ते सुमारे १५ टक्के घटले. मात्र औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातले दोन-तृतीयांश परत आले, आणि थोड्या वजनासाठी औषध घेणाऱ्याने आधी हेच पाहावे, असे मला कळकळीने वाटते.

खर्चात तुलनाच नाही, गोळी कितीतरी स्वस्त आहे.

गोळीने सुरुवातीला जुलाब होतात, दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. इंजेक्शनने मळमळ व उलट्या होतात, आणि नागपूरच्या मे महिन्यातील ४५ अंशांच्या उन्हात उलट्यांनी शरीरातील पाणी घटले, तर मूत्रपिंडांवर ताण येतो. शिवाय इंजेक्शनचे न वापरलेले पेन (औषध भरलेली पेनासारखी सिरिंज) २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. फ्रीझरला चिकटून गोठले, तर ते टाकूनच द्यावे.

मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने मेटफॉर्मिन योग्य ठरते. लठ्ठपणा असलेल्यांना, किंवा जास्त वजनासोबत रक्तदाबासारखा आजार असलेल्यांना सेमाग्लुटाइड उपयोगी आहे. बहिणीला मात्र मी दोन्ही नकोत असेच सांगितले.