न्यूयॉर्क ट्रान्झिट म्युझियम : भुयारी गाड्यांच्या रंगीत खूणदिव्यांसाठी अवश्य पाहावे असे ठिकाण

ब्रुकलिनमध्ये बोरम प्लेस आणि शर्मरहॉर्न स्ट्रीट जिथे मिळतात, तिथे भुयारी रेल्वेचा एक जिना खाली उतरतो. हा जिना आता कोणत्याही चालू फलाटावर नेत नाही. १९३६ साली सुरू झालेले आणि पुरेसे प्रवासी न मिळाल्याने १९४६ मध्ये बंद केलेले कोर्ट स्ट्रीट स्थानक येथे होते आणि १९७६ पासून त्याच जागेत न्यूयॉर्क ट्रान्झिट म्युझियम आहे. या संग्रहालयात भाड्याची टोकन, प्रवेशाची फिरती फाटके (टर्नस्टाइल), बोगदे खणण्याचा इतिहास, जुन्या बसगाड्यांची माहिती असे पुष्कळ काही आहे. पण मी येथे लिहिणार आहे ते खालच्या फलाटावरील जुन्या डब्यांविषयी, आणि त्यातही त्यांच्या दर्शनी भागावर, वरच्या दोन कोपऱ्यांत बसवलेल्या लहान रंगीत दिव्यांविषयी, म्हणजेच गाडीचा मार्ग सांगणाऱ्या खूणदिव्यांविषयी. हे दिवे पाहण्यासाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही.

आज न्यूयॉर्कच्या प्रत्येक मार्गाला रंग आहे आणि त्या रंगाच्या वर्तुळात अक्षर किंवा अंक असतो. लेक्सिंग्टन अव्हेन्यूच्या गाड्या हिरव्या, एट्थ अव्हेन्यूच्या निळ्या, ब्रॉडवेच्या पिवळ्या, ही रचना १९७९ मधली आहे. खूणदिव्यांच्या रंगांचा तिच्याशी काहीही संबंध नाही, हे आधीच लक्षात ठेवलेले बरे, नाहीतर डब्यावरचा हिरवा दिवा पाहून पाहुणा भलताच अर्थ काढतो. खूणदिव्यांमध्ये एकट्या रंगाला अर्थ नव्हता. अर्थ होता तो जोडीला. डावीकडे पिवळा आणि उजवीकडे हिरवा म्हणजे एक मार्ग, तर हेच रंग उलट लागले की दुसरा. लाल, हिरवा, पिवळा आणि पांढरा असे चार रंग धरले तरी दोन जागांमध्ये त्यांच्या सोळा जोड्या होतात. शहरात १९४० पर्यंत आयआरटी, बीएमटी आणि पालिकेची स्वतःची आयएनडी अशा भुयारी रेल्वेच्या तीन वेगवेगळ्या व्यवस्था होत्या आणि प्रत्येकीचे संकेत निराळे होते, त्यामुळे एकाच जोडीचा अर्थ सगळीकडे एकच असेल असे मानता येत नाही.

हे संकेत सर्वात आधी कोणासाठी होते, हे समजून घ्यायचे असेल तर फलाटावरच्या सिग्नल केबिनपाशी थोडे थांबावे. बरेच लोक तिच्याकडे नजर टाकून थेट डब्यांत शिरतात, आणि ते मला फार खटकते. ज्या ठिकाणी एका रुळाचे दोन फाटे होतात, तिथल्या केबिनमनला समोरून येणारी गाडी कोणत्या फाट्यावर घालायची, हे ती सांध्यापर्यंत पोचण्याआधी कळायला हवे असते. बोगद्यातल्या अंधारात पाटीवरची अक्षरे दुरून वाचता येत नाहीत, रंग मात्र दिसतो. त्या काळच्या डब्यांना आजच्यासारखे प्रखर हेडलाइटही नव्हते, त्यामुळे गाडीचे तोंड म्हणून दुरून दिसत ते हे दोन ठिपकेच. आता मोटरमन फलाटाजवळच्या पेटीवरील बटण दाबून आपला मार्ग मागतो. तेव्हा ते काम या काचांवर होते. फलाटावर उभ्या असलेल्या नेहमीच्या प्रवाशालाही जोड्या पाठ होत आणि आपली गाडी येते आहे की दुसरी, हे त्याला ती थांबण्याआधीच कळे. मध्य रेल्वेच्या लोकलवरचा ‘के’ आणि ‘एफ’ दिसताच कल्याण फास्ट म्हणून पुढे सरकणाऱ्या मुंबईकराला हे वेगळे समजावून सांगायला नको.

डब्यांपैकी सर्वाधिक वेळ द्यावा तो आर-१ ते आर-९ या मालिकेला. १९३० ते १९४० या काळात आयएनडीसाठी बांधलेले हे डबे सुमारे साडेअठरा मीटर लांब असून त्यांच्या प्रत्येक बाजूला चार दुहेरी दारे आहेत. यातल्या पहिल्या डब्याचा क्रमांक १०० आहे. आत वेताच्या विणीची आसने, छताला पंखे, उघडे बल्ब आणि त्या त्या काळातल्या जाहिराती आहेत. बाहेर येऊन डब्याच्या टोकाशी उभे राहावे आणि मान वर करून कोपऱ्यातला दिवा नीट पाहावा. जाड गोल काच, तिच्याभोवती धातूचे घर, आणि आत रंग बदलण्याची सोय. शेवटच्या स्थानकावर गाडी उलट फिरली किंवा तिला दुसऱ्या मार्गावर जायचे असले, की कर्मचाऱ्याला हे रंग हाताने फिरवून लावावे लागत आणि जी बाजू आता मागे गेली तिच्यावर लाल दिवे येत. जवळून पाहिले की ती काच अपेक्षेपेक्षा लहान वाटते. एवढ्याशा काचेवर गर्दीच्या वेळी एकामागून एक येणाऱ्या गाड्यांची वाटणी अवलंबून होती, हे तिथे उभे राहून जितके पटते तितके छायाचित्रांवरून पटत नाही.

तरीही फलाटावर उभ्या असलेल्या डब्याकडून एक गोष्ट मिळू शकत नाही, ती म्हणजे अंतर. दिवा हाताच्या टप्प्यात असला की त्याचे काम संपलेले असते. म्हणून मी या भेटीला डिसेंबरमधील जुन्या गाडीच्या प्रवासाची जोड देण्याचा आग्रह धरेन. नाताळाच्या सुमारास ठरावीक सुट्टीच्या दिवशी आर-१ ते आर-९ मालिकेतील डब्यांची गाडी नेहमीच्या मार्गांवरून, नेहमीच्याच तिकिटात धावते. मार्ग आणि वेळा दर वर्षी बदलतात, तेव्हा आधी चौकशी करावी. लोक पहिल्या स्थानकावरच आत बसण्यासाठी झुंबड करतात; मी मधल्या स्थानकावर, जिथे रूळ सरळ आहेत अशा फलाटावर थांबण्याचा सल्ला देईन. आधी बोगद्यात काहीच नसते, मग दोन रंगीत ठिपके दिसतात, आणि त्यांच्यामधला डबा बराच उशिरा नजरेत येतो. केबिनमनला काय दिसत होते, ते त्या काही क्षणांत स्वच्छ कळते. रंग मंद असूनही एकमेकांत मिसळत नाहीत, ही त्या काचेची आणि ती निवडणाऱ्यांची खरी कर्तबगारी आहे.

१९६७ च्या नोव्हेंबरात बीएमटी आणि आयएनडीचे मार्ग जोडणारा क्रिस्टी स्ट्रीटचा जोडमार्ग सुरू झाला, मार्गांना (आजच्याहून निराळ्या रंगांत) रंगीत अक्षरे आणि अंक मिळाले, आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीस खूणदिव्यांचा वापर मावळला. आर-९ पर्यंतचे जुने डबे मात्र १९७७ पर्यंत प्रवासी वाहत राहिले.

जाण्यासाठी बरो हॉल, जे स्ट्रीट–मेट्रोटेक किंवा हॉइट–शर्मरहॉर्न ही स्थानके सोयीची आहेत. न्यू जर्सीतून येणाऱ्या मराठी कुटुंबांनी मुलांना जरूर न्यावे, कारण डब्यांत शिरता येते, बसता येते आणि कोणी घाई करत नाही. संग्रहालय आठवड्यातले सर्व दिवस उघडे नसते, म्हणून वार पाहून निघावे. आत गेल्यावर वरच्या मजल्यावर रेंगाळण्याऐवजी आधी फलाटावर उतरावे, प्रथम केबिन आणि मग डबे या क्रमाने पाहावे, आणि किमान दोन तास हाताशी ठेवावेत.